जुनं छपराचं घर: आधी वाचा, मग मोजा, मगच शाकारा

जुन्या छपराच्या घरात शिरलात की आधी भिंतीकडं बघू नका, वर बघा. आढं कशावर टेकलंय ते बघा. त्या घराचं खरं वय तिथं असतं. गवत तीन-चार वर्षांचं असतं, कूड फार तर वीस-पंचवीस वर्षांचा, सारवण मागच्या पंधरवड्यातलं, पण मेढी आजोबाच्या आजोबाची असू शकते. म्हणून "हे घर किती जुनं?" असं कुणी विचारलं की एक आकडा सांगता येत नाही, प्रत्येक भागाचं वय वेगळं निघतं. आणि हे कळल्याशिवाय दुरुस्तीला हात घातला की माणूस जुनं ते फेकतो आणि नवं ते जपत बसतो. आमच्याकडं तसंच झालं होतं म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आमचं घर जिंतूरच्या डोंगरपट्ट्यात, गावापासून लांब, आखाड्यावर. परभणी-हिंगोलीकडं आखाडा म्हणजे शेतातला मुक्काम, जनावरं, कडबा, अवजारं आणि दोन-चार माणसं निजतील एवढं छप्पर. दोन पाखी, तीन मेढी, तुराट्यांचा कूड, अठरा फूट लांब नि बारा फूट रुंद. तुमच्याकडं नावं वेगळी असतील, चालतं, आपल्या गावात जे म्हणतात तेच वहीत लिहा. मी खाली वापरतोय ते शब्द असे: मेढी म्हणजे वर बेचकं असलेला खांब, आढं म्हणजे बेचक्यांवर आडवं ठेवलेलं मधलं लाकूड, वासे आढ्यापासून खाली उतरणारे, कामट्या म्हणजे वाशांवर आडव्या बांधलेल्या बांबूच्या चिरफळ्या, पाखं म्हणजे छपराची एक बाजू, वळचण म्हणजे जिथून पाणी गळतं ती खालची कड, कूड म्हणजे तुराट्या (तुरीच्या वाळल्या काड्या) विणून मातीनं लिपलेली भिंत, आणि शाकारणं म्हणजे छपरावर गवत घालणं.

आधी घर वाचा

मधल्या मेढीपाशी उभं राहा. आमच्या मेढीला जमिनीपासून दोन हातांवर एक खोलगट वळसा आहे, लाकूड तिथं एवढं गुळगुळीत झालंय की अंधारात हात फिरवला तरी कळतं, करंगळी बरोबर बसते त्यात. लहानपणी मला वाटायचं जनावराची दावण बांधत असतील. आजीनं सांगितलं, ती रवीच्या दोरीची खूण. ताक घुसळताना रवी मेढीला अडकवायची, आणि आजीच्या सासूच्या आधीपासून तिथंच. म्हणजे ही मेढी नुसतं आढं पेलणारी नाही, ती घुसळखांब पण आहे. आणि ज्या बाजूला ही खूण आहे त्याच बाजूला चूल असणार, बायका ताक करता करता चुलीकडं बघणार. आम्ही तिथली जमीन हलक्या हातानं खरवडली तर खाली भाजून लाल झालेली माती लागली. आता चूल दुसऱ्या कोपऱ्यात आहे, पण आधी ती कुठं होती हे एका खाचेनं सांगितलं.

अशा खुणा शोधायच्या. आढ्यावरची काजळी कुठं जाड आहे, ती जाड जागा म्हणजे चुलीच्या वरची. मेढीवर कामाच्या नसलेल्या खाचा, भोकं, खुंट्यांच्या जागा दिसल्या तर ते लाकूड आधी दुसऱ्या घरात वापरलेलं असू शकतं, आपल्याकडं लाकूड कधी वाया घालवत नव्हते, धाब्याचं (दगड-मातीचं) घर पडलं की त्याचं लाकूड आखाड्यावर यायचं. लाकूड कुठलं ते पण बघा. आमच्या भागात बाभूळ आणि कडूलिंब जास्त, किनवट-माहूरकडं सागाचं जंगल जवळ म्हणून तिकडं साध्या छपरात पण सागाची मेढी सापडते. करवतीची सरळ रेघ आहे का वाकसाचे (सुताराच्या तासायच्या हत्याराचे) तिरपे घाव आहेत तेही बोटानं बघा, लोखंडी खिळा आहे का नुसती गाठ आहे ते बघा.

भिंतीचं वाचन सारवणात होतं. कुडाच्या तुटक्या कोपऱ्यावर लिपणाचा एक पापुद्रा हळूच सोडवून उजेडात आडवा धरा. आमच्या पापुद्र्यात बारीक बारीक थर दिसले, शेणाचा हिरवट-काळा, मग पांढऱ्या मातीच्या पोतेऱ्याचा, परत शेणाचा, मध्ये एका ठिकाणी निळसर, नीळ टाकून पोतेरा दिलेला. पांढऱ्या थरांची गणती केली तर एकवीस भरले. आमच्याकडं पोतेरा दरवर्षी दिवाळीआधी द्यायचा, म्हणजे हा कूड निदान एकवीस दिवाळ्यांचा. बरोबर एवढाच असं नाही, सुतकाच्या वर्षी पोतेरा देत नाहीत, लग्नाच्या वर्षी दोनदा देतात, पण अंदाज बसतो. आणि तो निळा थर दाखवल्यावर आजी लगेच म्हणाली, "तुझ्या आत्याचं लग्न." लग्नाचं साल आम्हाला माहीत होतं, तिथून पुढचे-मागचे थर मोजता आले.

वय कसं काढायचं

म्हाताऱ्या माणसाला "कोणत्या साली बांधलं" असं विचारू नका, साल सांगता येत नाही आणि मग माणूस ओशाळतो. असं विचारा: रझाकारीच्या आधी का नंतर? पोलीस ॲक्शनच्या वेळी हे घर होतं का? बहात्तरच्या दुष्काळात इथं कोण राहत होतं? भूकंप झाला त्या पहाटे तुम्ही कुठं निजला होता? मराठवाड्यात या चार खुंट्या पक्क्या आहेत. रझाकारांच्या धुमाकुळानंतर भारतीय फौजेची पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला संपलं, १९५६ च्या नोव्हेंबरात आपण मुंबई राज्यात आलो, दुष्काळ १९७२-७३ चा, भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा. या खुंट्यांना बांधून आठवण ओढली की घराचा काळ दहा-पंधरा वर्षांच्या आत येतो.

एक गोष्ट जपून विचारायची. रझाकारीत कितीतरी गावं जाळली गेली, त्यात गवताची छपरं सगळ्यात आधी पेटली. काही घरांत त्या रात्रीबद्दल अजून बोलत नाहीत. समोरचं माणूस गप्प झालं तर दुसरा विषय काढा.

बाप्यांना मेढी, आढं, बांबू, गवत विचारा, बायकांना माती, सारवण, चूल, कणगी, पाणी विचारा, आणि वेगवेगळं बसवून विचारा. एकत्र बसवलं की आमचे तात्या बोलत राहतात आणि आजी नुसती मान हलवते. मोबाईलवर रेकॉर्डिंग करा पण आधी सांगून करा.

कागद म्हणाल तर गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ बघा, त्यात घराचं वर्णन, लांबी-रुंदी आणि कर असतो. जुनी नोंदवही मिळाली तर तेच घर एका वेळी छप्पर, नंतर पत्रा असं बदललेलं दिसतं. शेतातल्या आखाड्याचं घर तिथं बहुतेक सापडत नाही, त्यासाठी १९५४ चं खासरा पाहणी पत्रक काढा, घर नाही सापडलं तरी तेव्हा शेत कुणाकडं होतं ते कळतं. निजामकाळातले कागद उर्दूत किंवा मोडीत असतात आणि त्यावर साल 'फसली' नावाच्या कालगणनेचं असतं. त्यात ५९० मिळवा म्हणजे इसवी सन येतो, फसली १३५८ म्हणजे १९४८-४९. वाचता येत नाही म्हणून कागद घड्या घालून ठेवू नका, आधी नीट फोटो काढा, मग वाचणारा शोधा.

हा आकार कुठून आला

हे पण मार्गदर्शनाचाच भाग आहे, कारण आकार का असा आहे हे कळलं नाही तर माणूस उतार कमी करतो आणि फसतो.

मराठवाड्यातल्या माणसाला हे बघायला लांब जायची गरज नाही. वेरूळची दहा नंबरची लेणी, जिला लोक सुताराची झोपडी म्हणतात, तिच्यात जाऊन वर मान करा. दगडाचं छत आहे पण त्यात वासे कोरलेत, एकामागं एक, वाकवलेले. दगडाला वाशाची काय गरज? काहीच नाही. पण ज्यांनी कोरलं त्यांच्या डोळ्यापुढं घर म्हणजे लाकडाच्या वाशांचं, म्हणून दगडात पण वासे आले. अजिंठ्याच्या नऊ आणि दहा नंबरच्या लेण्या त्याच्याही कितीतरी जुन्या, इसवी सनाच्या आधीच्या, तिथं तर छताला खरे लाकडी वासे बसवलेले होते. लाकूड गेलं, खुणा राहिल्या. पुणे जिल्ह्यात इनामगावच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांची जमीन सापडली, कडेनं खांबांची भोकं, कुडाच्या मातीच्या भिंती, वर गवत. खांबाची भोकं हीच काय ती साक्ष, कारण बाकी सगळं मातीत जातं. म्हणून तुम्ही घर पाडणारच असाल तर निदान मेढीच्या खड्ड्यांचा नकाशा काढून ठेवा.

आता दुसरी बाजू. गावठाणातली मातब्बर घरं आपल्याकडं छपराची नव्हती, ती धाब्याची, म्हणजे दगड-मातीच्या दोन-तीन फुटी भिंती, आत सागाचे खण, वर माळवद आणि त्यावर फूट-दोन फूट खारी पांढरी माती. बळद नि पेव (धान्य साठवायच्या जागा), ओसरी सगळं त्यात. छप्पर कुणाचं? आखाड्यावरच्या सालगड्याचं, तांड्यावरच्या लमाणांचं, गावकुसाबाहेर ज्यांना ठेवलं त्यांचं. एखाद्या वस्तीत सगळी छपरंच का होती, हा प्रश्न घराच्या इतिहासातून वगळू नका. ज्यांनी त्यात उन्हाळे-पावसाळे काढले त्यांना ते घर सोडून सिमेंटच्या घरकुलात जायचं होतं, ते त्यांचं बरोबरच होतं, आणि ते पण वहीत लिहायचं.

आणि किल्लारीची पहाट. लातूर-धाराशिवच्या त्या पट्ट्यात माणसं गेली ती जास्त करून दगड-मातीच्या जड भिंती आणि वरच्या मातीच्या ओझ्याखाली. भिंतीचे दोन पदर आतला-बाहेरला वेगळे होऊन कोसळले. कूड आणि गवताची हलकी घरं हलली पण त्यांनी सहसा माणूस मारला नाही. ज्याला आपण कमी दर्जाचं घर म्हणत होतो त्यात निजलेले वाचले. मला तरी हे विसरता येत नाही.

मग मोजा

साधी वही, १५ मीटरचा टेप, ओळंबा, खडू आणि दोन माणसं पुरतात. आधी बाहेरून चारी बाजू, मग आतून, आणि दोन्ही कर्ण घ्याच, कर्ण सारखे नसले तर घर काटकोनात नाही, जुनं घर बहुतेक नसतंच. प्रत्येक मेढीला खडूनं नंबर टाका, दोन मेढींमधलं अंतर म्हणजे एक खण. मग जमिनीपासून आढ्याची उंची आणि भिंतीच्या माथ्याची उंची. कागदावर एका मीटरला दोन सेंटिमीटर धरून काढा, म्हणजे आखाड्याचं घर वहीच्या पानात बसतं. एक नकाशा वरून आणि एक घर मधोमध कापल्यासारखा, दुसरा जास्त महत्त्वाचा कारण उतार त्यात कळतो. दार कुठल्या दिशेला, वारा कुठून, लिंब कुठं, पाणी कुठं वाहून जातं हे पण दाखवा. फोटोत काठी किंवा टेप धरून ठेवा नाहीतर नंतर मापाचा पत्ता लागत नाही.

लाकूड तपासा

मेढी जमिनीच्या रेषेवर सडते, वर नाही आणि खोल पण नाही, जिथं ओल आणि हवा दोन्ही लागतं तिथं. बुडाची माती वीतभर उकरा आणि टोच्या किंवा पेचकस टोचून बघा. बोटाच्या पेरापेक्षा जास्त आत सहज गेला तर बूड गेलंय. वरती हातोडीनं वाजवा, टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आत उधई आहे, उधईच्या मातीच्या नळ्या बाहेरून दिसतात पण दरवेळी नाही.

बूड गेलं म्हणून मेढी टाकू नका. आधी दोन्ही बाजूंनी टेकू द्या, टेकूखाली फळी ठेवा म्हणजे रुतणार नाही, आढ्याचं वजन टेकूवर आलं याची खात्री करा, मग सडका भाग कापून काढा आणि खाली घडीव दगडाची बैठक द्या, दगड जमिनीच्या वर निदान वीतभर आला पाहिजे. दगडाच्या मध्यात खळगा करून त्यात मेढीचं बूड बसवायचं, म्हणजे सरकत नाही. पण ध्यानात घ्या, जमिनीत गाडलेली मेढी वाऱ्याला स्वतः उभी राहते, दगडावर ठेवलेली राहत नाही, म्हणून मेढी आणि आढं यांच्यात दोन्ही बाजूंना तिरपे टेके कायमचे द्या. आणि एका वेळी एकच मेढी. दोन एकदम सोडवल्या की वरचं सगळं एका बाजूला झुकतं. नवी मेढी बसवायचीच असेल तर बाभळीचं लाकूड आधी पाण्यात महिना-दोन महिने बुडवून ठेवा, मग सावलीत वाळवा. त्यानं लाकडातला गोडवा निघून जातो आणि भुंगा कमी लागतो. बांबूला पण हाच नियम, आमचे लोक वेळू तोडून सरळ ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवायचे. ओढ्याला पाणी राहिलं नसेल तर हौदात ठेवा आणि पाणी बदलत जा.

गवत

खरं काम इथं आहे आणि चुका पण इथंच होतात, त्यामुळं जरा लांबण लागेल.

पहिलं, कोणतं गवत. डोंगराकडं कुसळी चांगलं, उंच आणि तेलकट, पाणी धरत नाही. पवन्या मिळाला तर तोही चालतो. गव्हाचं काड चालतं पण विळ्यानं कापलेलं आणि न मळलेलं पाहिजे, हार्वेस्टरनं काढलेल्या गव्हाचं काड तुटून भुगा होतं, त्याचं छप्पर होत नाही. शिवाय आताचे गहू बुटके, काड आखूड. उसाचं पाचट सगळीकडं फुकट मिळतं म्हणून लोक तेच टाकतात, पण ते एक-दोन पावसाळ्यांच्या वर टिकत नाही. छपरं का गेली याचं निम्मं उत्तर इथंच आहे: गायरानं आकसली, गहू बुटका झाला, हार्वेस्टर आला, आणि ज्यांना शाकारता येत होतं ते गडी दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात.

गवत कापायचं ते कार्तिक-मार्गशीर्षात, कुसळं झडून गेल्यावर, उभं वाळलेलं. हिरवं कापू नका. आम्ही पहिल्या वर्षी घाई केली, मे महिन्यात आठवण झाली तेव्हा अर्धवट ओलं पाचट आणि थोडं गवत मिळून घातलं, आतून गरम झालं, बुरशी धरली आणि श्रावणात पाठीमागचं पाखं काळं पडून खाली बसलं. आतलं धान्य भिजलं. तेव्हापासून मी पेंढी मधोमध फोडून आत हात घालून बघितल्याशिवाय वर चढवत नाही, आत जरा जरी गार लागलं तर परत उन्हात.

दुसरं, किती गवत. लोक जमिनीच्या क्षेत्रावरून अंदाज करतात आणि अर्ध्यात गवत संपतं. आमचंच उदाहरण घ्या. रुंदी बारा फूट, म्हणजे अर्धी सहा, आणि आढं भिंतीच्या माथ्यापासून सहा फूट वर. मग वासा आढ्यापासून भिंतीपर्यंत साडेआठ फूट होतो, वळचणीला दोन फूट पुढं काढला की साडेदहा. लांबी अठरा फूट आणि दोन्ही टोकांना फूट-फूट बाहेर, वीस. एक पाखं २१० चौरस फूट, दोन्ही मिळून ४२०. जमीन मात्र २१६ च आहे. म्हणजे गवत जवळपास दुप्पट क्षेत्राला लागतं. आता अंगणात एक चौरस फुटाची चौकट आखून त्यात दाबून वीतभर जाडी येईपर्यंत पेंढ्या रचा, किती लागल्या ते मोजा आणि ४२० नं गुणा. वर दहातल्या दोन जास्त धरा, आढ्यालाच बरंच जातं.

तिसरं, उतार. रुंदीच्या निम्म्याएवढी उंची, वर सांगितलं तसं. हा नियम मोडू नका. गवत पाणी अडवत नाही, ते पाण्याला खाली पळवतं. उतार उभा असला तर पाणी वरच्या दोन-तीन बोटांच्या थरातूनच वाहून जातं आणि खालचं गवत कोरडं राहतं. उतार लोळवला की पाणी आत मुरतं, मग जाडी कितीही द्या. मराठवाड्यात वर्षाला सातशे-आठशे मिलीमीटरच पाऊस, म्हणून लोक म्हणतात इकडं कशाला एवढा उतार, पण आपला पाऊस रोज थोडा थोडा पडत नाही, महिना दडी मारतो आणि मग एका रात्रीत झोडपतो.

चौथं, जुनं काढणं. जाड हातमोजे आणि बूट घाला, काठीनं आधी आपटा. जुन्या गवतात विंचू असतोच आणि फुरसं पण असतं. लहान पोरं लांब ठेवा. तोंडाला फडकं बांधा, वर्षानुवर्षांची काजळी आणि बुरशी छातीत जाते. सगळं एकदम उघडू नका, एक पाखं झाल्यावर दुसरं, नाहीतर वळीव आला की कूड विरघळतो.

आता बांधणी. कामट्या वाशांवर वीत-वीत अंतरानं बांधा, दोरी अंबाडीच्या सुंभाची किंवा घायपाताच्या वाखाची, बांधायच्या आधी भिजवलेली, वाळली की आवळते. नायलॉन वापरणारे आहेत, पण ते ऊन लागतं तिथं तुटतं आणि गाठ सरकते. पातळ लोखंडी तार गंजते आणि कामटी कापते.

सुरुवात वळचणीपासून. पहिला थर दुप्पट जाड, कारण सगळ्या पाखाचं पाणी तिथून उतरतं. पेंढीचा बुडखा खाली, शेंडा वर. काही गडी उलटं लावतात पण बुडखा कडक असतो, उन्हा-पावसाला तोच पुढं राहिलेला बरा. पेंढ्या एकमेकींना घट्ट खेटवायच्या, मधून उजेड दिसता कामा नये. त्यावर एक आडवी काठी ठेवून ती खालच्या कामटीशी शिवायची. यासाठी दोन गडी लागतात, एक वर आणि एक आत. वरचा बांबूची दाभणासारखी लांब सुई खुपसतो, आतला दोरी कामटीमागून घेऊन परत सुईत ओवतो. आतल्या माणसाचं काम अवघड, वरून सगळा कचरा डोळ्यात येतो, तरी तो हाक देऊन सांगतो, "डावीकडं चार बोटं!" दर हातभर अंतरावर एक टाका. पुढचा थर असा बसवा की खालच्या थराची ती काठी आणि टाके पूर्ण झाकले जातील, थराचा वरचा दोन तृतीयांश भाग नेहमी पुढच्या थराखाली. टाका उघडा दिसला की तिथून पाणी दोरीनं आत येणारच. मध्ये मध्ये खाली उतरून लांबून बघा, पाखाला पोट आलंय का खड्डा पडलाय ते वर बसून कळत नाही. खड्डा असेल तर तिथंच भरा.

आढ्यावर दोन्ही पाखी भिडतात आणि तिथंच सगळ्यात आधी गळतं. लांब गवत आदल्या रात्री शिंपडून मऊ करा, सकाळी आढ्यावर घोड्यासारखं दोन्हीकडं वाकवून घाला, एकावर एक तीन थर, आणि दोन्ही बाजूंनी आडव्या काठ्या लावून आढ्याच्या खालून आवळा. तात्या दोन काठ्यांची फुली करून वरून दाबतात, दर दोन हातांवर एक, वादळात आढं उडत नाही. आढ्याचं गवत दरवर्षी बदला, बाकी छप्पर चार-पाच वर्षं जातं.

हे सगळं अक्षय तृतीयेनंतर धरा आणि रोहिणी लागायच्या आत संपवा, म्हणजे मेच्या पंचवीस तारखेपर्यंत. मृगाच्या भरवशावर बसू नका.

कूड आणि लिपण

छप्पर झाल्यावरच कूड. तुराट्या किंवा पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) घ्या, पऱ्हाटीत बोंडअळी राहते म्हणून ती आधी कडक उन्हात तापवून पानं-बोंडं झटकून घ्या. उभ्या तुराट्या आडव्या काठ्यांमध्ये एक मागं एक पुढं अशा विणायच्या. कूड जमिनीवर उभा करू नका, खाली दगडाचं दीड फुटी जोतं करा, नाहीतर शिंतोड्यांनी बूड कुजतं आणि उधई सरळ वर चढते. काळी माती लिपणाला अजिबात नको, ती पाण्यानं फुगते आणि वाळली की भेगाळते. गावाच्या जुन्या जागेची माती ती पांढरी आणि शेताची ती काळी, आपल्या जुन्या लोकांनी गावालाच पांढरी म्हटलं ते उगाच नाही.

पांढरी माती दोन घमेली, गव्हाचा भुसा एक, शेण अर्धं. पाणी घालून पायानं तुडवा आणि आठ-दहा दिवस मुरू द्या, रोज परत तुडवा, वास आला की घाबरू नका, तो यायलाच पाहिजे. मग हातभर जागेवर लावून बघा. भेगा पडल्या तर भुसा वाढवा, बोट घासलं की माती सांडली तर शेण वाढवा. पहिला हात जाड, आत दाबून, तुराट्यांच्या फटीत शिरेल असा. तो वाळून खणखणीत झाल्यावर दुसरा पातळ. शेवटी शेणकाला आणि पोतेरा.

सिमेंटचा गिलावा देऊ नका. आमच्या गावात एकानं टिकाऊ व्हावा म्हणून कुडाला सिमेंट लावलं, दोन वर्षं छान दिसलं. सिमेंट आणि तुराटी एकमेकांना धरत नाहीत, कूड उन्हा-पावसानं हलतो आणि सिमेंट हलत नाही, मध्ये पोकळी झाली, ओल आत अडकली, आणि एक दिवस सगळी भिंत पाटीसारखी सुटून पडली तेव्हा आत तुराट्या नव्हत्याच, नुसती उधईची माती होती.

विस्तव आणि वीज

चुलीच्या वर निदान माणूसभर मोकळी उंची ठेवा आणि तिथल्या गवताला आतून शेण-मातीचा हात द्या, ठिणगी लगेच धरत नाही. वायरी गवतातून नेऊ नका, पाईपमधून मेढीवरून आणा, बल्ब आढ्याला न टांगता भिंतीवर घ्या, एलईडीच वापरा, आणि बाहेर एमसीबी (बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवा. दिवाळीत दोन पिंपं पाणी आणि एक लांब आकडीची काठी दाराशी ठेवा, पेटलेलं गवत आधी ओढून काढावं लागतं.

पहिला पाऊस

पहिल्या मोठ्या पावसाला घरात राहा. बॅटरी घ्या, खडू घ्या. जिथं थेंब पडतो तिथं जमिनीवर फुली करा, मग वर बघून पाण्याची वाट कुठून येतेय ते शोधा. थेंब पडतो त्याच्या वरच गळतं असं नसतं, पाणी वाशावरून हातभर खाली येऊन मग सुटतं, म्हणून वाशाला बोट लावत वर जायचं. पहिल्या पाऊण तासात थोडं ठिबकेल, गवत अजून बसलेलं नसतं, त्याला हात लावू नका. तासाभरानंतरही जी फुली ओली राहील ती वहीतल्या नकाशावर उतरवून घ्या. आमच्याकडं यंदा तीन राहिल्या, दोन आढ्याखाली आणि एक घुसळखांबाच्या मागं. उघाड मिळाली की तात्या वर आणि मी आत.